गुपिताची राखण : बहिणी, कुटुंब आणि मनोवैज्ञानिक रहस्यकादंबरी

१

रहस्यकथेला मराठीत वाचक मोठ्या संख्येने लाभले. समीक्षक मात्र फारसे लाभले नाहीत. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी अनेकांना वाचनाची पहिली गोडी लावली, नारायण धारप यांनी भयकथेला आणि रत्नाकर मतकरी यांनी गूढकथेला स्वतःचा वाचकवर्ग मिळवून दिला, याची नोंद आदराने घेतली जाते. पण ती नोंद करून समीक्षा पुढे निघून जाते. यामागे एक गृहीतक आहे. रहस्यकथा म्हणजे कोडे. कोडे सुटले की कथा संपली. आणि जी कथा एका वाचनात संपते तिच्यात समीक्षेने शोधावे असे काय उरते?

पुष्कळ रहस्यकथांच्या बाबतीत हे गृहीतक चुकीचे नाही. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये या वाङ्मयप्रकाराचे वर्गीकरण करताना असे दाखवून दिले की, अभिजात हेरकथेत वस्तुतः दोन कथा असतात. एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली कथा ग्रंथारंभापूर्वीच घडून गेलेली असते. दुसरी तिचा माग काढीत जाते. तपास करणारा या घटनेच्या बाहेरचा असतो आणि म्हणून सुरक्षितही असतो. त्याला सत्य सापडते, पण त्या सत्याची झळ त्याला लागत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी कादंबरीत या रचनेला छेद देणारी एक धारा ठळक झाली. तिला स्थूलमानाने मनोवैज्ञानिक रहस्यकादंबरी म्हणता येईल. या धारेत सत्याचा शोध घेणारी व्यक्ती घराबाहेरून येत नाही. ती घरातलीच असते. तिला सत्य शोधावयाचे नसते; ते तिला बहुधा आधीपासून ठाऊक असते. प्रश्न असतो तो बोलावे की बोलू नये, हा. आणि या धारेतील काही महत्त्वाच्या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी दोन बहिणी आहेत, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही.

हा भेद समजून घेण्यास मराठीतील दोन शब्द उपयोगी पडतात. 'रहस्य' हा शब्द 'रहस्' म्हणजे एकांत यापासून आला. रहस्याचा उलगडा होतो. 'गुपित' हा शब्द मात्र 'गुप्' या धातूशी नाते सांगतो, आणि त्या धातूत लपविणे व रक्षण करणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. गुपित उलगडत नाही, ते फुटते. रहस्य कोणालाच ठाऊक नसले तरी ते रहस्य असते. गुपिताला मात्र ते जाणणारा आणि राखणारा कोणीतरी लागतो, आणि बहुधा ते दोघांत असते. बहिणींवरील मनोवैज्ञानिक रहस्यकादंबरी ही या अर्थाने रहस्याची कादंबरी नसून गुपिताची कादंबरी आहे. तिचा खरा विषय गुन्हा नव्हे, तर राखण हा आहे. कोण कोणाला राखते, कशासाठी राखते आणि त्या राखणीची किंमत कोण मोजते, हे प्रश्न ती विचारते. शर्ली जॅक्सन, बार्बरा व्हाइन आणि मार्गारेट ॲटवुड यांच्या प्रत्येकी एका कादंबरीच्या आधारे या विधानाची तपासणी करता येते.

२

शर्ली जॅक्सन यांची 'वुई हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल' ही कादंबरी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले; त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेली ही अखेरची कादंबरी. ब्लॅकवुड घराण्याचा प्रशस्त वाडा गावापासून अलग आहे. तेथे अठरा वर्षांची मेरी कॅथरिन ऊर्फ मेरिकॅट, तिची अठ्ठावीस वर्षांची थोरली बहीण कॉन्स्टन्स आणि चाकाच्या खुर्चीला खिळलेले ज्युलियनकाका एवढेच राहतात. सहा वर्षांपूर्वी रात्रीच्या जेवणात साखरेच्या भांड्यात सोमल मिसळला गेला. आई, वडील, काकू आणि लहान भाऊ दगावले. साखर न खाणारी कॉन्स्टन्स वाचली, साखर बेताने घेणारे काका अर्धमेले होऊन वाचले आणि शिक्षा म्हणून उपाशी झोपावयास पाठविलेली मेरिकॅट वाचली. कॉन्स्टन्सवर खटला झाला; ती निर्दोष सुटली. गावाने मात्र तिला दोषीच ठरविले.

विष मेरिकॅटने घातले होते, हे चाणाक्ष वाचकाला बरेच आधी कळते. लेखिकेने ते लपविण्याची फारशी खटपट केलेली नाही. मग कादंबरीतील ताण कशामुळे टिकतो? तो टिकतो कॉन्स्टन्समुळे. पोलीस येण्यापूर्वी साखरेचे भांडे तिने घासून ठेवले होते, आणि त्यात कोळी पडला होता असे कारण दिले होते. हा तपशील ज्युलियनकाका पाहुण्यांसमोर मोठ्या चवीने सांगतात. प्रथम वाचनात तो कॉन्स्टन्सविरुद्धचा पुरावा वाटतो. दुसऱ्या वाचनात तोच तपशील धाकट्या बहिणीच्या राखणीचा पुरावा होतो. कॉन्स्टन्सला त्याच रात्री सर्व कळले होते, आणि तिने आरोप स्वतःवर येऊ दिला. 'एका वाचनात संपणारी कथा' हे गृहीतक येथे लागू पडत नाही. उत्तर कळल्यानंतरच या कादंबरीचे वाचन खऱ्या अर्थाने सुरू होते.

बहिणींमध्ये या विषयावर सहा वर्षांत एकदाही शब्द निघालेला नाही. घराला आग लागते, आग विझल्यावर गावकरी घराची नासधूस करतात आणि दोघी रानात आश्रय घेतात, तेव्हा कुठे एका साध्या प्रश्नोत्तरात ती गोष्ट उच्चारली जाते. गावाच्या अन्नात विष घालीन असे मेरिकॅट म्हणते. पूर्वी घातलेस तसे का, असे कॉन्स्टन्स विचारते. मेरिकॅट होकार देते. कादंबरीचा रहस्यभेद म्हणावा तो इतकाच. त्यात धक्का नाही, पश्चात्ताप नाही, रडणे नाही. दोघींनाही ठाऊक असलेली गोष्ट केवळ मोठ्याने बोलली जाते आणि संभाषण पुढे सरकते. हेरकथेत ज्या क्षणी सत्य बाहेर पडते त्या क्षणी नाती तुटतात. येथे नाते अधिक घट्ट होते.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात 'हाइमलिश' या जर्मन शब्दाच्या दुहेरी अर्थाकडे लक्ष वेधले होते. त्या शब्दाचा एक अर्थ घरगुती, ओळखीचे असा आहे, तर दुसरा झाकलेले, गुप्त असा. जॅक्सन यांच्या कादंबरीत हे दोन्ही अर्थ स्वयंपाकघरात एकत्र येतात. घराच्या तळघरात ब्लॅकवुड स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या भरून ठेवलेल्या मुरांब्यांच्या आणि लोणच्यांच्या बरण्या आहेत. कॉन्स्टन्स त्यांत भर घालते. जुन्या बरण्यांना मात्र कोणी हात लावीत नाही, कारण त्यातले खाल्ले तर जीव जाईल. जतन केलेले अन्नच विषारी झाले आहे. कुटुंबाचा वारसा म्हणजे काय, याचे इतके समर्पक रूप क्वचितच आढळते. कॉन्स्टन्स अन्न जतन करते, मेरिकॅट वस्तू जमिनीत पुरते आणि झाडाला खिळे ठोकून घराची राखण करते. दोघींची कृती मूलतः एकच आहे.

या कादंबरीच्या अनेक वाचनांत मेरिकॅटच्या कृत्याला कारण पुरविण्याचा प्रयत्न दिसतो. घरात तिचा छळ झाला असला पाहिजे, असा तर्क केला जातो. संहितेत याला थेट आधार नाही. आहे तो एक विलक्षण कल्पनाप्रसंग. मेरिकॅट बागेतल्या पडक्या उन्हाळघरात बसून मृत कुटुंबीयांना जेवणाच्या मेजाभोवती पुन्हा बसविते, आणि ते सारे जण तिचे कोडकौतुक करतात. तिला कधीही शिक्षा होता कामा नये, असे एकमेकांना बजावतात. यातून दिसते ती छळाची आठवण नव्हे, तर निःशेष प्रेमाची मागणी. ही मागणी पुरविणारी एकच व्यक्ती हयात आहे, ती कॉन्स्टन्स. चार्ल्स हा चुलतभाऊ घरी येतो तेव्हा कॉन्स्टन्सच्या मनात बाहेरच्या जगाची ओढ क्षणभर जागी होते. पण घर जळते, ज्युलियनकाका मरतात, चार्ल्स निघून जातो, आणि कॉन्स्टन्स जळक्या घराच्या स्वयंपाकघरात बहिणीसोबत कायमची बंदिस्त होते. गावकरी अपराधी भावनेने आणि भीतीने दारात अन्न ठेवू लागतात. मेरिकॅटच्या दृष्टीने हा सुखान्त आहे. निवेदन तिचेच असल्यामुळे वाचकही त्या सुखात ओढला जातो, आणि कॉन्स्टन्सच्या आयुष्याचे काय झाले हा प्रश्न विचारावयास विसरतो. हे विसरणे ही लेखिकेने वाचकाला घातलेली खरी अडचण आहे. लहान भावाचाही त्या रात्री बळी गेला होता, याची आठवण ठेवणारे कादंबरीत जवळजवळ कोणीच उरत नाही.

३

जॅक्सन यांच्या कादंबरीत गुपित दोघी बहिणींना जोडते. बार्बरा व्हाइन यांच्या 'अ डार्क-अडॅप्टेड आय' (१९८६) मध्ये तेच गुपित एकीला दुसरीच्या खुनापर्यंत नेते. बार्बरा व्हाइन हे रूथ रेंडेल (१९३०–२०१५) यांचे टोपणनाव. त्या नावाने लिहिलेली ही पहिली कादंबरी. रेंडेल पोलीसतपासाच्या कथांसाठी आधीच ख्यातकीर्त होत्या. वेगळ्या नावाची गरज त्यांना भासली, यावरूनच हा प्रकार वेगळा आहे याची त्यांना असलेली जाणीव स्पष्ट होते. १९८७ मध्ये या कादंबरीला अमेरिकेतील 'एडगर' पुरस्कार मिळाला.

कादंबरीचा आरंभ फाशीच्या सकाळी होतो. व्हेरा हिलयार्ड या स्त्रीला आपल्या धाकट्या बहिणीच्या, ईडनच्या, खुनाबद्दल फाशी होत आहे. तिचा जुळा भाऊ आपल्या घरी घड्याळाकडे पाहत तो क्षण उलटण्याची वाट पाहतो आहे. त्याची मुलगी फेथ ही कथेची निवेदिका. खून कोणी केला, कोणाचा केला आणि शिक्षा काय झाली, हे सारे पहिल्या काही पानांतच उघड होते. ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी १९६५ च्या कायद्याने थांबली. तेव्हा ही कथा आधीच्या काळातील आहे आणि ती आठवणीतून सांगितली जात आहे, हेही वाचकाला लगेच उमजते. खटल्यावर पुस्तक लिहू पाहणारा एक लेखक फेथकडे माहिती मागतो, आणि कित्येक वर्षे कुटुंबाने न उच्चारलेले नाव तिला उच्चारावे लागते.

मराठी वाचकाला येथे नात्यांच्या शब्दांचा एक फायदा मिळतो. इंग्रजीत 'आंट' या एका शब्दाने जे भागवले जाते ते मराठीत भागत नाही. फेथच्या दृष्टीने व्हेरा आणि ईडन या दोन्ही आत्या आहेत. कथेचा सारा पेच मात्र जेमी या लहान मुलाभोवती आहे, आणि त्याच्या दृष्टीने या दोघींपैकी एक आई आहे व दुसरी मावशी. कोण आई आणि कोण मावशी, हेच ठरत नाही. आईबापांच्या मृत्यूनंतर धाकट्या ईडनला व्हेराने आईसारखे वाढविले. युद्धकाळात, नवरा दूर असताना, व्हेराच्या घरी जेमी आला. पुढे श्रीमंत घरी पडलेल्या ईडनने मुलावर हक्क सांगितला. जेमी व्हेराचाच, की ईडनच्या लग्नाआधीचा आणि बहिणीने पदराखाली घेतलेला? 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण मावशीच्या मायेवर विश्वास टाकते. या कादंबरीत त्याच विश्वासाची शोकांतिका झाली आहे. दोघीही मुलावर माया करतात. दोघींचीही माया खरी आहे. आणि म्हणूनच तडजोडीला वाट उरत नाही.

कादंबरी या प्रश्नाचे निर्णायक उत्तर देत नाही. दोन्ही बाजूंनी पुरावे येतात, कुटुंबातील व्यक्ती आपापल्या स्वभावानुसार एका बाजूला झुकतात आणि फेथ शेवटपर्यंत निर्णय लांबणीवर टाकते. हेरकथेच्या सवयीने वाचणाऱ्याला हा दोष वाटेल. पण गुपिताच्या दृष्टीने पाहिले असता या अनिश्चिततेचे कारण स्पष्ट होते. ते गुपित केवळ दोघी बहिणींचे होते. एकीला दुसरीने मारले आणि मारणारीला राज्यसंस्थेने. न्यायालयाने खून सिद्ध केला. खुनामागील सत्य मात्र त्या दोघींसोबत नष्ट झाले. बहिणींची मूठ इतकी घट्ट होती की ती मृत्यूनेही उघडली नाही.

कादंबरीचे शीर्षक दृष्टीच्या शास्त्रातून आले आहे. उजेडातून अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. डोळा काळोखाला हळूहळू सरावतो आणि वस्तूंच्या आकृती दिसू लागतात. फेथचे निवेदन याच गतीने चालते. शाळकरी वयात आत्यांच्या घरी राहताना तिने बंद दारे, अर्धवट वाक्ये, अचानक बदललेले विषय पाहिले होते. त्या वेळी तिला त्यांचा अर्थ लागला नव्हता. प्रौढपणी तीच दृश्ये तिला पुन्हा दिसतात, आणि आता त्यांत आकृती आहेत. मात्र काळोखाला सरावलेल्या डोळ्याला रंग ओळखू येत नाहीत, केवळ आकार दिसतात. कुटुंबाच्या भूतकाळाविषयीचे ज्ञान याहून अधिक कधी नसते, असा या कादंबरीचा निष्कर्ष सांगता येईल.

व्हेराच्या चित्रणातही लेखिकेने सोपा मार्ग नाकारला आहे. व्हेरा प्रेमळ नाही. ती टोचून बोलणारी, प्रतिष्ठेला जपणारी, घरातील शिस्तीचे अवडंबर माजविणारी बाई आहे. चांगल्या घरची माणसे काय करतात आणि काय करीत नाहीत, हे तिला पाठ आहे. कुटुंबाची अब्रू म्हणून जे जे ती झाकते तेच शेवटी तिच्यावर उलटते. विवाहबाह्य संततीला तत्कालीन मध्यमवर्गीय इंग्रज समाजात किंचितही जागा असती, तर कदाचित लपविण्यासारखे काही उरलेच नसते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हा व्यवहार इंग्लंडमधील एका खेड्यातही तितकाच प्रचलित होता, आणि ती मूठ झाकण्याचे काम घरातील स्त्रियांवरच पडले होते. मनोविश्लेषणाचा धागा येथे सामाजिक इतिहासाशी जोडला जातो; तो वेगळा काढून ही कादंबरी वाचणे म्हणजे तिची अर्धी बाजू सोडून देणे होय.

४

मार्गारेट ॲटवुड यांच्या 'द ब्लाइंड असॅसिन' (२०००) या कादंबरीला त्याच वर्षी बुकर पुरस्कार मिळाला. तिचा व्याप मोठा आहे आणि ती केवळ रहस्यकादंबरी नाही. तरीही प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तिचा एक भाग महत्त्वाचा ठरतो. १९४५ मध्ये, युद्ध संपून दहा दिवस झाले असताना, लॉरा चेस पुलावरून मोटार खाली घालते. अर्धशतकानंतर थोरली बहीण आयरिस तिची कथा लिहू लागते. लॉराच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीमुळे लॉरा मरणोत्तर कीर्ती पावलेली आहे.

लॉराला सांभाळ, असे मरणापूर्वी आईने आयरिसला सांगितलेले असते. वडिलांचा बटणांचा कारखाना वाचावा म्हणून अठराव्या वर्षी आयरिसचे लग्न एका धनिकाशी लावले जाते, आणि तिच्यासोबत लॉराही त्या घरात येते. त्या घरात लॉरावर जे अत्याचार होतात ते आयरिसला दिसत नाहीत. किंवा दिसत असूनही ती ते पाहत नाही. येथे अंधत्व हे राखणीतील कसुरीचे दुसरे नाव आहे. ज्या कादंबरीमुळे लॉरा प्रसिद्ध झाली ती वस्तुतः आयरिसनेच लिहिली होती, हा उलगडा अखेरीस होतो. पण त्याहून मर्मभेदक गोष्ट वेगळीच आहे. ज्या पुरुषावर लॉराचे मन होते तो युद्धात मरण पावला आणि तो आपला प्रियकर होता, हे आयरिसने स्वतःच्या तोंडाने लॉराला सांगितले. लॉराने मोटार पुलाखाली घातली ती त्यानंतर.

म्हणजे जॅक्सन यांच्या कादंबरीत मौनाने बहीण वाचते. ॲटवुड यांच्या कादंबरीत बोलल्यामुळे ती मरते. गुपित फोडणे हे नेहमीच मुक्त करणारे असते, या आधुनिक समजुतीला ही कादंबरी धक्का देते. मात्र ती मौनाचेही समर्थन करीत नाही. आयरिस वेळेवर बोलली असती तर लॉरावरचा अत्याचार थांबला असता. ती बोलली तेव्हा काळही चुकला होता आणि हेतूही. वृद्धपणी आयरिस जे लिहिते ते दूर गेलेल्या नातीसाठी. गुपिताची मूठ ती पुढच्या पिढीच्या हातात उघडते. ही कृती प्रायश्चित्ताची आहे, पण तिने लॉरा परत येत नाही, याचा विसर लेखिका पडू देत नाही.

५

या तीन कादंबऱ्यांतील निवेदिकांची स्थाने लक्षात घेतली म्हणजे एक क्रम दिसतो. पहिलीत गुन्हा करणारी धाकटी बहीणच बोलते, आणि तिच्या सुखात थोरलीचा आवाज बुडून जातो. दुसरीत दोन्ही बहिणी मृत आहेत. पुढच्या पिढीतील भाची साक्षीदार म्हणून उरते, आणि तिच्या हाती अपुरे सत्य लागते. तिसरीत राखण करण्यात कमी पडलेली थोरली बहीण स्वतःच लिहिते. तिन्ही ठिकाणी तपास करणारा बाहेरचा पुरुष अनुपस्थित आहे किंवा निष्प्रभ आहे. तोदोरोव्ह यांच्या मांडणीतील दोन कथा येथे एकमेकींत विरघळतात, कारण सांगणारी व्यक्ती घडलेल्या गोष्टीतून कधी बाहेर पडलेलीच नसते.

बहिणींचेच नाते या प्रकारात वारंवार का येते, याचेही उत्तर यातून मिळते. आई-मुलीच्या नात्यात अधिकार असतो, पतिपत्नीच्या नात्यात करार असतो. बहिणींच्या नात्यात दोन्ही नसूनही दोन्हींचा भार असतो. आईच्या पश्चात थोरलीने आई व्हावे, हे कोणी लिहून दिलेले नसते. पण कॉन्स्टन्स, व्हेरा आणि आयरिस या तिघींनीही ते ओझे उचललेले आहे. एका छताखाली वाढलेल्या दोघींना एकच भूतकाळ असतो. त्यामुळे एकीचे गुपित दुसरीच्या आयुष्याचा भाग झाल्यावाचून राहत नाही. 'भगिनीभाव' या संकल्पनेला स्त्रीवादी विचाराने न्याय्य प्रतिष्ठा मिळवून दिली. या कादंबऱ्या त्या संकल्पनेला नाकारीत नाहीत, पण तिच्यातील कठोर बाजू समोर आणतात. ज्या कुटुंबव्यवस्थेत स्त्रीला घराबाहेर आधार नसतो तेथे बहिणीची माया हाच एकमेव आधार होतो, आणि एकमेव आधार हा नेहमीच बंदिवासाच्या जवळ असतो.

मराठी समीक्षेने रहस्यकथेविषयी जे गृहीतक बाळगले त्याचा पुनर्विचार येथून सुरू करता येईल. कोणी केले, या प्रश्नापाशी थांबणारी कथा एका वाचनात संपते हे मान्य करावे. पण कोणाला राखले गेले आणि कोणाच्या बळावर, असा प्रश्न विचारणारी कथा वेगळ्या वाचनाची अपेक्षा करते. 'घरातली गोष्ट घरात' हे वाक्य मराठी कुटुंबांनाही अपरिचित नाही. ते वाक्य प्रथम कोण उच्चारतो, त्यामुळे कोणाची अब्रू वाचते आणि कोणाचे आयुष्य त्याखाली दबते, याचा शोध घेण्यासाठी गूढकथा व रहस्यकथा हे आपल्याकडेही एक समर्थ साधन आहे. त्या साधनाला केवळ करमणुकीच्या कप्प्यात ठेवले तर कुटुंबसंस्थेविषयीची काही महत्त्वाची साक्ष समीक्षेच्या नोंदीबाहेरच राहील.